रस्त्याच्या पोटातली खडी

रस्त्याचा वरचा काळा थर सगळ्यांना दिसतो आणि खड्डा पडला की बोल त्यालाच लागतो. पण ट्रकच्या चाकाचा भार पेलण्याचे मोठे काम त्याच्याखालचे खडीचे आणि मुरमाचे थर करतात. महाराष्ट्रातल्या आजच्या बहुतेक मोठ्या डांबरी रस्त्यांची रचना ठरलेली आहे. सर्वांत खाली दाबून घट्ट केलेला ५०० मिलिमीटर जाडीचा मातीचा थर, म्हणजे सबग्रेड. त्यावर ग्रॅन्युलर सब-बेस, म्हणजे साइटवरच्या बोलण्यातला जी.एस.बी. त्यावर वेट मिक्स मॅकॅडम, म्हणजे डब्ल्यू.एम.एम. आणि त्यानंतर डांबर. गावाकडच्या जुन्या रस्त्यांवर डब्ल्यू.एम.एम.च्या जागी पाणी मारत, रोलर फिरवत केलेले खडीकरण असते.

मधल्या या दोन थरांत सिमेंट नसते, डांबरही नसते. दगडाचे लहानमोठे तुकडे एकमेकांत अडकून बसतात आणि त्यांच्यातल्या घर्षणावर सगळा थर उभा राहतो. तुकडा फुटला, दोन तुकड्यांमध्ये ओली चिकणमाती शिरली किंवा दबाई अपुरी राहिली की घर्षण कमी होते, थर हलू लागतो आणि वरचे डांबर तडकते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून पाहिले गेले. त्यातून दिसले, की आसावरचा भार वाढला तर रस्त्याची झीज साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. मर्यादेपेक्षा जास्त माल भरलेला एकेक ट्रक पायाच्या खडीला किती महाग पडतो, ते या हिशेबावरून कळते.

दगडाचे तुकडे दाबून रस्ता करण्याची आधुनिक पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश अभियंता जॉन लाउडन मॅकॅडम याने रुळवली. ‘मॅकॅडम’ हे नाव तेव्हापासून जगभरच्या रस्त्यांना चिकटले आहे. भारतात रस्त्यांच्या कामाला देशव्यापी शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने केला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. आज रस्त्याची जाडी ठरते ती तिच्या मार्गदर्शक पुस्तिकांवरून. मालाची चाचणी कशी करायची ते भारतीय मानके सांगतात आणि कामाच्या अटी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत असतात.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या दख्खनी लाव्हाच्या थरांवर वसला आहे, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातला घट्ट, काळसर निळा बेसॉल्ट खडीसाठी उत्तम असतो. पण लाव्हाचा प्रत्येक थर तसा नसतो. काही थर वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेले असतात आणि त्या पोकळ्यांत पांढरी झिओलाइट खनिजे भरलेली असतात. दोन थरांच्या मध्ये लाल, भाजलेल्या मातीसारखा पट्टा सापडतो. वरच्या भागातला दगड कुजून मुरूम झालेला असतो. कोकणात बेसॉल्टवर जांभा बसलेला आहे. तो पाणी शोषतो आणि ओला झाला की मऊ पडतो. हे सगळे प्रकार एकाच खाणीच्या भिंतीत वरखाली दिसू शकतात. म्हणून ‘अमुक खाणीची खडी चांगली’ या बोलण्याला फारसा अर्थ नसतो. खाणीचा कोणता थर फोडला जात आहे, ते पाहावे लागते.

दगडाची कणखरता पाहण्यासाठी दोन चाचण्या नेहमी होतात. आघात चाचणीत १२.५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली आलेले आणि १० मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले तुकडे पोलादी भांड्यात भरतात. त्यांच्यावर सुमारे १४ किलोचा हातोडा ३८० मिलिमीटर उंचीवरून १५ वेळा पडतो. नंतर २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून जो चुरा खाली येतो, त्याचे मूळ वजनाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे आघात मूल्य. जी.एस.बी.साठी ते ४० च्या आत असावे लागते आणि डब्ल्यू.एम.एम.साठी ३० च्या आत. दुसरी चाचणी लॉस एंजेलिस या नावाने ओळखली जाते. ७०० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी पिंपात खडी आणि पोलादी गोळे भरून पिंप मिनिटाला ३० ते ३३ फेऱ्यांच्या गतीने फिरवतात. नेहमीच्या खडीसाठी ५०० फेऱ्या होतात आणि त्यानंतर झीज मोजतात. ताजा, घट्ट बेसॉल्ट या दोन्ही परीक्षांत सहसा आरामात पास होतो. जांभ्यासारख्या मऊ दगडाची आघात चाचणी मात्र भिजवून करावी लागते, कारण कोरड्यात तो जेवढा टणक वाटतो तेवढा पावसाळ्यात राहत नाही.

बेसॉल्टमध्ये आणखी एक दडलेला धोका असतो. दगड वरून ठणठणीत दिसतो, पण आतली काही खनिजे बदलून पाण्याने फुगणारी माती बनलेली असते. असा दगड फोडताना खणखणीत वाजतो आणि दोनचार पावसाळ्यांत रस्त्याच्या पोटात भुसभुशीत होतो. पाणीशोषण २ टक्क्यांपेक्षा जास्त आले, तर टिकाऊपणाची चाचणी करावी असा नियम यासाठीच आहे. खडी सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात भिजवतात आणि भट्टीत वाळवतात. अशी पाच आवर्तने झाल्यावर सोडियम सल्फेटमध्ये १२ टक्क्यांपेक्षा आणि मॅग्नेशियम सल्फेटमध्ये १८ टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत बेसॉल्टसाठी याच्या जोडीला इथिलीन ग्लायकॉलमध्ये तुकडे भिजवून ठेवतात. फुगणारी माती असलेले तुकडे त्यात काही दिवसांत तडकतात. लाव्हाच्याच दगडावर उभ्या असलेल्या महाराष्ट्राने या चाचणीकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

तुकड्यांच्या आकाराबद्दल थोडक्यात सांगता येते. ज्याची जाडी त्याच्या सरासरी मापाच्या ०.६ पटीहून कमी तो चपटा, ज्याची लांबी १.८ पटीहून जास्त तो लांबट. असे तुकडे दबाईत मोडतात. डब्ल्यू.एम.एम.मध्ये दोन्हींचे मिळून प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत चालते.

यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथल्या रस्त्यांत दगडाचा कणखरपणा सहसा कमी पडत नाही. घोटाळा होतो तो बारीक मालात. थर दाट बसायचा असेल तर मोठ्या तुकड्यांमधल्या पोकळ्या मधल्या तुकड्यांनी, त्यांच्यातल्या फटी कचेने आणि उरलेल्या जागा भुकटीने भराव्या लागतात. म्हणून एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून माल हलवून प्रत्येक चाळणीतून किती टक्के खाली गेला ते मोजतात. ही टक्केवारी ठरलेल्या दोन मर्यादांच्या मध्ये बसावी लागते. उदाहरणार्थ, डब्ल्यू.एम.एम.मध्ये ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीखाली २५ ते ४० टक्के माल हवा. हा बारीक माल कमी पडला तर खडी रोलरखाली सरकत राहते, जास्त झाला तर मोठे तुकडे भुकटीत तरंगतात आणि एकमेकांना टेकतच नाहीत.

चाळणी मात्र एक गोष्ट सांगू शकत नाही. ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली गेलेली भुकटी क्रशरमधल्या दगडाची आहे की खाणीच्या माथ्यावरच्या मातीची, हे तिला कळत नाही. वजनाच्या काट्यावर दोन्ही सारख्याच, पण रस्त्यात शिरल्यावर एक निरुपद्रवी राहते आणि दुसरी घात करते. हा फरक दाखवणारी चाचणी अत्यंत साधी आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट अटरबर्ग यांनी १९११ मध्ये तिची कल्पना मांडली आणि आर्थर कासाग्रांदे यांनी पुढे तिचे उपकरण घडवले. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीखालचा माल पाण्यात कालवून पितळी वाटीत थापतात आणि मधोमध खाच पाडतात. हँडल फिरवले की वाटी १० मिलिमीटर उचलली जाऊन आदळते. बरोबर २५ ठोक्यांत खाच तळाशी मिटेल इतका ओलावा ज्या प्रमाणात असतो, ती प्रवाह मर्यादा. दुसऱ्या भागात त्याच मालाची काचेवर हाताने वळी करतात. वळी ३ मिलिमीटर जाड होताच तडकू लागली, तर त्यावेळचा ओलावा ही दुसरी मर्यादा. दोन्हींमधल्या अंतराला प्लास्टिसिटी इंडेक्स म्हणतात, प्रयोगशाळेत नुसते ‘पी.आय.’

दगडाच्या भुकटीची वळी होतच नाही, ती तुटून पडते. मातीची मात्र दोऱ्यासारखी वळी निघते. जी.एस.बी.च्या मालाची प्रवाह मर्यादा २५ आणि पी.आय. ६ यापेक्षा जास्त चालत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीची प्रवाह मर्यादा ५० च्याही पुढे जाते, त्यामुळे तिचे थोडेसे मिश्रणदेखील चांगल्या मुरमाला नापास करते. ही माती खडीत येते कुठून? खाणीचा वरचा भाग नीट साफ न करता सुरुंग लावल्याने, शेतातून येणाऱ्या डंपरच्या चाकांबरोबर आणि कधी ओल्या सबग्रेडवरच ढीग टाकून लोडरने तो खरवडून उचलल्याने. क्रशरवरचा अहवाल तेव्हा चांगला असतो, थरात पसरलेला माल वेगळा असतो. नमुना शक्यतो पसरलेल्या थरातून घ्यावा तो यासाठी. ढिगातून घ्यायचा झाला तर तोही वरवर खरवडून चालत नाही, कारण ढिगात मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जमतात आणि बारीक माल माथ्याशी राहतो. वर, मध्ये आणि खाली अशा अनेक ठिकाणचा माल एकत्र करून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकून देतात आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हेच करत राहतात. कंटाळवाणे काम आहे, पण पुढचा प्रत्येक आकडा या कामावर उभा असतो.

माल चांगला निघाला तरी तो किती दाबायचा, हा प्रश्न उरतो. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागात मातीच्या धरणांवर काम करताना राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की एकाच प्रमाणात ठोकूनही मालाची घनता त्यातल्या पाण्यावर अवलंबून असते. लाडू वळताना तूप कमी पडले तर तो फुटतो आणि जास्त झाले तर बसतो, तसेच इथे पाण्याचे आहे. थोडे पाणी कणांना एकमेकांवरून सरकू देते. त्याहून जास्त झाले की तेच जागा अडवते. ज्या ओलाव्याला कोरडी घनता सर्वाधिक येते, तो इष्टतम ओलावा. रस्त्याच्या पायासाठी या चाचणीचा जड प्रकार वापरतात: ४.९ किलोचा हातोडा, ४५० मिलिमीटरची उंची, पाच थर. मोठ्या तुकड्यांचा माल असेल तर २२५० घनसेंटिमीटरच्या साच्यात प्रत्येक थराला ५५ ठोके. मूळच्या हलक्या चाचणीपेक्षा यात सुमारे साडेचारपट ऊर्जा खर्च होते. आजचे कंपनशील रोलर जितका जोर लावतात त्याला हाच प्रकार शोभतो.

प्रयोगशाळेतली ही घनता साइटवर आली की नाही, ते वाळूने तपासतात. दाबलेल्या थरात साधारण २०० मिलिमीटर व्यासाचा खड्डा छिन्नीने हळूहळू खोदतात आणि निघालेला सगळा माल, शेवटच्या चिमटीसकट, पिशवीत भरतात. मग ठरावीक घनतेची कोरडी वाळू नळकांड्यातून खड्ड्यात सोडतात आणि किती वाळू लागली त्यावरून खड्ड्याचे आकारमान काढतात. समजा, १०,८६० ग्रॅम माल निघाला आणि खड्डा ४,७०० घनसेंटिमीटरचा भरला. ओली घनता २.३१. ओलावा ५ टक्के असेल तर कोरडी घनता २.२०. प्रयोगशाळेतली कमाल घनता २.२६ असेल तर दबाई झाली ९७.३ टक्के. नियम ९८ टक्क्यांचा आहे, म्हणजे हा थर नापास. फरक एका टक्क्याहूनही कमी वाटतो, पण तेवढी पोकळी वाहनांच्या चाकांनी पुढे दाबली जाते आणि डांबरावर चाकोऱ्या उमटतात. खड्डा खोदताना दगड हलून कडा ढासळली, तर आकडाच खोटा येतो. म्हणून ही चाचणी घाईच्या माणसाच्या हाती देऊ नये.

रस्त्याच्या पायाची सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, अर्थात सी.बी.आर. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात ओ. जे. पोर्टर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती बसवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी धावपट्ट्यांसाठी ती उचलली आणि तिथून ती जगभर गेली. १५० मिलिमीटर व्यासाच्या साच्यात माल ठरलेल्या घनतेला दाबतात, वर पुढच्या थरांच्या वजनाइतकी वजने ठेवतात आणि साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. हे चार दिवस म्हणजे प्रयोगशाळेतला पावसाळा. नंतर ५० मिलिमीटर व्यासाची दांडी मिनिटाला १.२५ मिलिमीटर या संथ गतीने आत ढकलतात. २.५ मिलिमीटर आत जायला जेवढा भार लागतो, त्याची तुलना १३७० किलो या प्रमाणभाराशी करतात. ५ मिलिमीटरसाठी प्रमाणभार २०५५ किलो आहे. २.५ मिलिमीटरला ४८० किलो लागले, तर सी.बी.आर. ३५. जी.एस.बी.ला किमान ३० हवा, म्हणून हा माल पास.

कोरड्यात भरपूर सी.बी.आर. दाखवणारा मातकट मुरूम चार दिवस भिजल्यावर निम्म्याहूनही खाली घसरू शकतो. म्हणून अहवालात ‘सी.बी.आर. ४५’ एवढेच लिहिले असेल, तर त्यातून काही कळत नाही. नमुना भिजवला होता का, किती घनतेला दाबला होता, ओलावा किती होता, ही तीन उत्तरे सोबत असतील तरच त्या आकड्यावर रस्ता बांधावा. या चाचणीला एक मोठी मर्यादाही आहे. २० मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे साच्यात घालता येत नाहीत. ते काढून तेवढ्याच वजनाचे ४.७५ ते २० मिलिमीटरचे तुकडे घालावे लागतात. जी.एस.बी.त तर ५३ मिलिमीटरचे दगडही असतात. म्हणजे ज्या दगडांनी थराला बळ यायचे, तेच चाचणीतून वगळलेले असतात. सी.बी.आर.ने दोन मालांची तुलना होते, थर प्रत्यक्षात कसा वागेल ते नेमके सांगता येत नाही.

रस्त्याची जाडी ठरवण्याची आजची पद्धत म्हणूनच ताठरपणाच्या आकड्यांवर गेली आहे. चाक गेल्यावर थर किती दबतो आणि किती परत उसळतो, यावरून प्रत्यास्थ गुणांक काढतात. त्यासाठी त्रिअक्षीय उपकरणात नमुन्यावर हजारो वेळा भार टाकतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्रानुसार खडीच्या थराचा हा गुणांक त्याच्या जाडीवर आणि खालच्या सबग्रेडवर अवलंबून असतो. एकूण ४५० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर ५ सी.बी.आर.च्या सबग्रेडवर घातला तर त्याचा गुणांक सुमारे १५६ मेगापास्कल धरतात. तीच खडी, तेवढीच जाडी, पण ८ सी.बी.आर.च्या सबग्रेडवर तो सुमारे २०८ होतो. खालची माती मऊ असेल तर वरची खडी कितीही चांगली असो, ती नीट आवळली जात नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात सबग्रेड चांगल्या मुरमाने बदलण्यावर इतका भर असतो त्याचे कारण हे.

तयार झालेल्या थराची तपासणी आता खड्डा न खोदताही होते. डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटरमध्ये ८ किलोचे वजन ५७५ मिलिमीटरवरून टाकत २० मिलिमीटर व्यासाचा, ६० अंशांचा टोकदार शंकू खाली ठोकतात आणि ठोक्यामागे तो किती मिलिमीटर गेला ते नोंदवतात. एका जागी आकडा एकदम वाढला, तर तिथे ओली माती किंवा अपुरी दबाई आहे हे लगेच कळते. ग्रामीण रस्त्यांवर हे उपकरण फार उपयोगी आहे, कारण ते दोन माणसे जीपमधून नेऊ शकतात. मोठ्या महामार्गांवर फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर वापरतात. तो गोल पाटीवर वजन आपटतो आणि रस्ता केंद्रापासून काही अंतरांपर्यंत कसा वाकला ते संवेदक टिपतात.

जी.एस.बी.वर आणखी एक जबाबदारी असते: वरून आणि बाजूने शिरलेले पाणी बाहेर काढण्याची. म्हणून त्याच्या काही प्रतींत ७५ मायक्रॉनखालचा माल ५ टक्क्यांपेक्षाही कमी ठेवतात आणि झिरपण्याचा वेग वेगळा मोजतात. मात्र हा थर साइडपट्टीच्या कडेपर्यंत नेऊन उघडा ठेवला नाही आणि पट्टीवर चिकणमाती भरली, तर पाण्याला वाट मिळत नाही. झिरपणारी खडीच मग पाणी साठवते आणि सबग्रेड तिच्याखाली मऊ होत जातो. पावसाळ्यात जिथे रस्त्याची कड आधी खचते, तिथे बहुधा हे घडलेले असते. प्रयोगशाळेच्या कोणत्याही अहवालात ते सापडत नाही; साइटवर वाकून पाहावे लागते.

खाणींवर निर्बंध वाढू लागले तसा रस्त्याच्या पायात दुसरा मालही येऊ लागला. पाडकामाच्या राड्यारोड्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१७ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. काँक्रीटच्या तुकड्यांना चिकटलेला जुना गिलावा पाणी शोषतो, विटा आघाताला लवकर फुटतात, आणि लाकूड, प्लास्टिक, जिप्सम यांचे तुकडे हाताने वेचून त्यांचे वजन करावे लागते. सुरतजवळ हजिऱ्यात २०२२ मध्ये पोलाद कारखान्याच्या मळीचा, म्हणजे स्लॅगचा, रस्ता बांधला गेला. मळी बेसॉल्टइतकीच कणखर असते, पण तिच्यातला मोकळा चुना पाणी लागले की फुगतो आणि वरचे डांबर उचलले जाऊ शकते. म्हणून ती काही महिने पाणी मारत उघड्यावर मुरवतात. तिच्यासाठी आघात आणि झीज यांच्या जोडीला फुगण्याची वेगळी चाचणी लागते: साच्यात दाबलेला नमुना साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान ७ दिवस ठेवून त्याची वाढलेली उंची मोजायची.